फिर्यादी आम्ही नव्हतो

माझ्या आई-बाबांचा खून १० जुलै २०१४ च्या रात्री, गावाबाहेरच्या शेतातील घरात झाला. तो कोणी केला हे आजही ठरलेले नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण शेवटी कोणाचे तरी नाव कळेल या अपेक्षेने कोणी हे वाचू नये. मी लिहिते आहे ते तपासाच्या कागदांमागे घालवलेल्या अकरा वर्षांविषयी: कोणता कागद कोणाकडे असतो, तो कसा मागायचा, किती थांबावे लागते आणि आम्ही नेमके कुठे चुकलो. ज्या घरावर असा प्रसंग नुकताच कोसळला आहे त्यांना पहिल्या काही महिन्यांत हे कोणी सांगत नाही. आम्हालाही सांगितले नव्हते.

११ जुलैला सकाळी साडेसहाच्या सुमारास डेअरीला दूध नेण्यासाठी येणाऱ्या काकांना दार अर्धवट उघडे दिसले. त्यांनी दोनदा हाक मारली, आत डोकावले आणि थेट पोलीस पाटलांचे घर गाठले. दादा तालुक्याच्या गावी राहत होता, मी पुण्यात नोकरीला होते. दादा पोहोचेपर्यंत घराभोवती दोरी बांधली गेली होती आणि मी पोहोचले तेव्हा पंचनामे संपून दोघांनाही शवविच्छेदनासाठी हलवले होते. दरम्यान ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली गुन्हा नोंदवला गेला होता आणि फिर्यादी म्हणून त्या दूधवाल्या काकांची सही घेतली होती. ते स्वाभाविकच होते, कारण पहिल्यांदा पाहिले त्यांनी. फिर्याद कोणाच्या नावावर आहे याचा विचार त्या दिवशी आमच्या मनात येणे शक्यच नव्हते. पण पुढची पाच वर्षे आम्ही ज्या अंधारात काढली, त्याचे मूळ त्या एका सहीत होते.

घर २४ दिवस सीलबंद राहिले. दोन म्हशी शेजारच्यांनी नेल्या. पहिल्या आठवड्यात रोज कोणीतरी अधिकारी येत, श्वानपथक आले, ठसेतज्ज्ञ आले आणि स्थानिक गुन्हे शाखेची गाडी तर मुक्कामालाच होती. 'पंधरा दिवसांत उचलतो' असे एका अधिकाऱ्यांनी दादाला सांगितले होते, आणि आम्ही ते वाक्य इतके धरून बसलो की सोळाव्या दिवशी दादाने त्यांना खरोखरच फोन केला.

त्यानंतरची कागदपत्रे तुलनेने सरळ होती. मृत्यूचे दाखले तीन आठवड्यांत मिळाले. सातबाऱ्यावरची वारस नोंद तलाठ्यांकडे अर्ज देऊन चार महिन्यांत झाली. अडले ते बाबांच्या विमा पॉलिसीवर. तिच्यात आईचे नाव वारसदार म्हणून लावलेले होते आणि आईही त्याच रात्री गेली होती. आधी कोण गेले, असा प्रश्न कंपनीच्या माणसाने मला समोर बसवून विचारला. त्याचा हेतू वाईट नव्हता, तरी मी उठून बाहेर आले. पुढे वकिलांनी समजावले की शवविच्छेदन अहवालातून क्रम ठरत नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१ नुसार वयाने लहान व्यक्ती मागे राहिली असे गृहीत धरतात. आई बाबांपेक्षा सहा वर्षांनी लहान होती. म्हणजे कायद्याच्या हिशेबात ती काही काळ एकटी जगली. दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागले, त्याला चौदा महिने लागले. तेवढ्याने भागले नाही, कारण कंपनीला पोलिसांचा अंतिम अहवालही हवा होता. वारसांपैकीच कोणी संशयित नाही ना, हे त्यांना पाहायचे असते.

संशय मात्र होता, आणि तो दादावर होता. बांधावरून चुलत घराशी जुना वाद, जमीन विकावी की नाही यावरून बाबांशी झालेली बोलाचाली, आणि त्या रात्री तो घरीच होता हे सांगणारी एकटी वहिनी. एवढ्यावर त्याला सात-आठ वेळा चौकशीला बोलावले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याच्या, चाचणीसाठी संमती द्याल का, असे विचारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी प्रकरणातील निकालानुसार अशी चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, संमती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवावी लागते, आणि संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्रपणे पुरावा ठरत नाही. हे सगळे आम्हाला तेव्हा वकिलांकडून कळले. नकार देण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता, पण नकाराचा गावात काय अर्थ लावला जाईल हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने संमती दिली. चाचणी मुंबईला झाली. तिच्यातून काहीही निघाले नाही, आणि काही निघाले नाही हे आम्हाला लेखी कधीच कोणी कळवले नाही. गावात फक्त एवढेच पसरले की पोराला मुंबईला नेले होते.

असा प्रसंग ओढवलेल्या कुटुंबाला माझे एक कळकळीचे सांगणे आहे. घरातल्या कोणावर संशय घेणे हा तपासाचा भाग असतो, त्यावर पोलिसांशी भांडण काढू नये, पण चौकशीला जाताना वकिलांचा सल्ला घ्यावा आणि कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी बोलावले याची वही ठेवावी. आम्ही वही ठेवली ती २०१६ पासून. त्याआधीच्या दोन वर्षांच्या तारखा नंतर मोबाइलमधल्या संदेशांवरून आणि बसच्या तिकिटांवरून जुळवाव्या लागल्या.

पहिल्या अडीच वर्षांत चार तपास अधिकारी बदलले. प्रत्येक नवे अधिकारी आम्हाला बसवून पहिल्यापासून सर्व विचारत आणि प्रत्येक वेळी ती रात्र पुन्हा सांगावी लागे. तिसऱ्या खेपेला मी दोन पानांचा घटनाक्रम टंकून घेतला आणि तोच पुढे करू लागले. त्याचा खरोखर उपयोग झाला, कारण चौथ्या अधिकाऱ्यांनी तो वाचून, बाबांच्या हरवलेल्या मोबाइलचा विषय आपणहून काढला. एक चूक मात्र आम्ही त्याही काळात करत राहिलो. आम्ही सर्व काही तोंडी विचारत होतो. साहेब भेटले, चहा झाला, 'तपास चालू आहे' हे ऐकले आणि परतलो. अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यावा, हे सुचले नाही. परिणाम असा की ठाण्याच्या दप्तरात आमचे अस्तित्व साक्षीदार आणि संशयित एवढेच होते. माहिती मिळावी म्हणून थांबलेले नातेवाईक म्हणून आमच्या नावाची एकही नोंद नव्हती.

ऑगस्ट २०१६ मध्ये मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावतात, अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. माझा पहिला अर्ज तीन पानांचा होता आणि त्यात एकोणीस प्रश्न होते. तो परत आला. दुसरा नियमात बसवला, तेव्हा तिसाव्या दिवशी उत्तर आले की तपासाला बाधा येईल म्हणून कलम ८(१)(ज) खाली माहिती नाकारण्यात येत आहे. वीस रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील केले. सुनावणीला अपिलीय अधिकारी सौजन्याने वागले, पण मिळाले ते एकच वाक्य, 'गुन्हा तपासावर आहे'. आज मागे पाहताना वाटते की मी चुकीचे मागत होते. तपासात काय आढळले हे विचारल्यावर नकार येणारच. त्याऐवजी न्यायालयात कोणता अहवाल पाठवला आहे का, पाठवला असल्यास त्याची तारीख आणि जावक क्रमांक काय, एवढेच दर सहा महिन्यांनी विचारले असते, तर पुढचे सगळे टळले असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये विमा कंपनीच्या तगाद्यामुळे मी अंतिम अहवालाविषयी विचारायला ठाण्यात गेले. समोरच्या हवालदारांनी रजिस्टर काढले, बोट फिरवले आणि सहज म्हणाले, "मॅडम, याची अ समरी झाली की. मंजूर पण झाली, सतराला."

मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. तो त्यांनीच सांगितला. महाराष्ट्रात आरोपपत्र दाखल होत नाही तेव्हा पोलीस न्यायालयाला समरी अहवाल पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपीचा शोध लागत नाही, तेव्हा 'अ'. फिर्याद खोटी आणि खोडसाळ असेल तर 'ब'. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या बाबीतून फिर्याद झाली असेल तर 'क'. आमच्या प्रकरणात मार्च २०१७ मध्ये अहवाल गेला आणि १८ सप्टेंबर २०१७ रोजी न्यायालयाने तो मंजूर केला. त्या सप्टेंबरात दादा ठाण्यात दोनदा जाऊन आला होता आणि 'चालू आहे' हेच ऐकून आला होता. खोटे बोलले गेले असे मी म्हणणार नाही. बदलून आलेल्या माणसाला बहुधा खरोखरच माहीत नसावे. पण त्या दुपारी बसस्थानकावर मी तीन गाड्या सोडल्या, कारण दादाला हे कसे सांगावे ते कळत नव्हते.

आमच्याशिवाय हे कसे झाले याचे उत्तर न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळाले. नकलेचा अर्ज, कोर्ट फी तिकीट आणि पानांचे शुल्क मिळून दीड हजार रुपयांच्या आत खर्च आला आणि पाच आठवडे लागले. ३१२ पाने होती. समरी मंजूर करण्यापूर्वी न्यायालयाने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितले आहे. नोटीस काढलेलीही होती. ती दूधवाल्या काकांच्या नावाने होती. काका २०१५ मध्येच मुलाकडे दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले होते, त्यामुळे नोटीस त्यांच्या जुन्या बंद घराच्या दाराला डकवली गेली. रोजनाम्यात नोंद होती, 'फिर्यादी हजर नाही, हरकत नाही'. त्याच १९८५ च्या निकालात असेही म्हटले आहे की मृताचे नातेवाईक फिर्यादी नसतील तर त्यांना नोटीस मिळण्याचा हक्क नाही, मात्र त्यांना अन्य मार्गाने कळले आणि ते हजर झाले तर त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. अन्य मार्गाने कळणे म्हणजे काय, हे मी अनुभवाने सांगू शकते. विमा कंपनीचे पत्र.

काकांना मी नंतर जाऊन भेटले. ते रडले. त्यांना वाटत होते की आम्हाला सगळे कळत असणार आणि त्यांनी मध्ये पडणे बरे दिसणार नाही.

ती ३१२ पाने वाचायला मला दीड महिना लागला. शवविच्छेदन अहवालाची पाने मी वाचली नाहीत, ती वकिलांनी वाचली, आणि आपल्या माणसांविषयीचे असे कागद स्वतः वाचलेच पाहिजेत असे नाही हे मी स्वतःला बजावले. बाकीच्या पानांत मात्र कामाच्या गोष्टी होत्या. कपाटाच्या काचेवर एक अनोळखी ठसा मिळाला होता, ज्याला पोलीस चान्स प्रिंट म्हणतात, आणि तो २०१४ मध्ये मोजक्या नोंदींशीच ताडून पाहिला होता. मोरीजवळ मिळालेल्या रक्त लागलेल्या टॉवेलचा सी.ए. अहवाल, म्हणजे न्यायसहायक प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषकांचा अहवाल, रक्तगट निश्चित होत नाही असा होता. त्यावर डीएनए तपासणी मागवलेली नव्हती. अंगणात विडीचे थोटूक मिळाले होते आणि आमच्या घरात कोणीही विडी ओढत नव्हते. जवळच्या एका टॉवरवरून झालेल्या कॉलची माहिती घेतली होती, दुसऱ्या टॉवरसाठीचे पत्र चौदा महिन्यांनी गेले होते आणि कंपनीने नोंदी उपलब्ध नसल्याचे कळवले होते. तेव्हा कंपन्यांवर या नोंदी एक वर्षच जपण्याचे बंधन होते, ते दोन वर्षांचे झाले डिसेंबर २०२१ मध्ये. आम्ही २०१४ मध्येच एक साधा अर्ज दिला असता की आसपासच्या सर्व टॉवरच्या नोंदी जपून ठेवाव्यात, तर काय झाले असते, याचा विचार मी आता फार करत नाही.

खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही आणि 'अ' समरी मंजूर झाल्यावरही नवा धागा मिळाल्यास पुढील तपास करता येतो. त्यामुळे दार बंद झालेले नव्हते, पण ते आतून कोणी उघडणार नव्हते. ओळखीचे सगळे एकच सल्ला देत होते, 'सीबीआय मागा'. वकिलांनी सांगितले की दंडाधिकारी सीबीआय तपासाचा आदेश देऊ शकत नाहीत, तो अधिकार उच्च न्यायालयाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा आहे, आणि तोही अपवादानेच वापरला जातो. शिवाय त्यांनी नोएडात २००८ मध्ये आरुषी तलवार ही मुलगी आणि घरातील नोकर यांच्या झालेल्या दुहेरी खुनाची आठवण करून दिली. तिथे सीबीआयनेच २०१० मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, मुलीच्या आई-वडिलांनी त्याला विरोध केला, आणि न्यायालयाने तो अहवाल फेटाळताना त्या दोघांनाच आरोपी म्हणून समन्स काढले. २०१३ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. हे ऐकून मी दादाकडे पाहिले. फाइल उघडली तर पहिले बोट त्याच्याकडेच जाणार होते. तो म्हणाला, "बंद ठेवली तरी गावात ते माझ्याकडेच आहे."

जून २०१९ मध्ये सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे समरी मंजुरीचा आदेश पुन्हा तपासावा असा अर्ज, दाखल केला. त्याची मुदत नव्वद दिवसांची असते आणि आम्हाला पावणेदोन वर्षे झाली होती, त्यामुळे विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागला. त्यात उत्तराधिकार प्रमाणपत्र, विमा कंपनीची पत्रे आणि माहिती अधिकाराच्या उत्तराची प्रत लावली. 'गुन्हा तपासावर आहे' हे जे वाक्य २०१६ मध्ये मला थट्टेसारखे वाटले होते, तेच आम्ही विचारपूस करत होतो याचा पुरावा ठरले. पहिल्या खाजगी वकिलांना चाळीस हजार रुपये दिले होते आणि चार तारखांनंतर त्यांचे येणे अनियमित झाले. मग कोणीतरी सुचवले की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज एका पानाचा होता. मोफत म्हणजे दुय्यम, अशी माझी समजूत होती आणि ती चुकीची निघाली. नेमून दिलेल्या वकीलबाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या, पण ३१२ पाने त्यांनी दोन रात्रींत वाचली आणि २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या 'पीडित' या व्याख्येवर, ज्यात कायदेशीर वारसही येतात, सगळा युक्तिवाद उभा केला.

विलंब जानेवारी २०२० मध्ये माफ झाला. मार्चमध्ये टाळेबंदी आली. त्यानंतरच्या सव्वा वर्षाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकून रोज पाहायचे आणि पुढची तारीख वाचायची, एवढेच केले. हा क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. त्यामुळे तारीख काय पडली हे विचारण्यासाठी कोणाच्या मागे लागावे लागत नाही.

९ ऑगस्ट २०२१ रोजी सत्र न्यायालयाने समरी मंजुरीचा आदेश रद्द केला आणि आमचे म्हणणे ऐकून नव्याने निर्णय घ्यावा असे सांगितले. तालुक्याच्या न्यायालयात आम्ही निषेध अर्ज, म्हणजे पोलिसांच्या अहवालाला हरकत घेणारा अर्ज, दिला. त्यात कोणावरही आरोप केला नाही. वकीलबाईंचा आग्रह होता की संशय लिहायचा नाही, राहिलेली कामे लिहायची: ठसा पुन्हा ताडून पाहावा, टॉवेलची आणि थोटकाची डीएनए तपासणी करावी, दोन साक्षीदारांचे जबाब पुन्हा घ्यावेत. चार मुद्दे, दीड पान. एप्रिल २०२२ मध्ये पुढील तपासाचा आदेश झाला.

मधल्या काळात एक वेगळा अर्ज करावा लागला, आणि त्यावरून दादाचे आणि माझे पहिल्यांदा भांडण झाले. आरोपीचा शोध लागला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडितांच्या वारसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होती आणि ती तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ मध्ये कायम आहे. दादाचे म्हणणे, पैसे घेतले की लोक म्हणणार मिटवले. माझे म्हणणे, हे पैसे कोणाशी तडजोड करून आलेले नसून राज्याची जबाबदारी म्हणून आहेत. शेवटी अर्ज मी एकटीने केला, उशिराबद्दल स्वतंत्र कारण दिले आणि दादाने ना-हरकतीवर सही केली. कायद्यात चौकशीसाठी दोन महिने दिले आहेत, प्रत्यक्षात सात लागले. रक्कम लिहीत नाही, ती योजनेप्रमाणे ठरते. माझ्या वाट्याची मी पुतणीच्या नावे ठेवली.

पुढील तपासाची पहिली पायरी म्हणजे मुद्देमाल शोधणे. आठ वर्षांपूर्वीची सीलबंद पाकिटे अजून आहेत का, हेच कोणी खात्रीने सांगत नव्हते. समरी मंजूर झाल्यावर मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा आदेश होऊ शकतो. आमच्या सुदैवाने तसा अर्जच कोणी केलेला नव्हता. अकरा पाकिटांपैकी दहा मिळाली. जे मिळाले नाही, ते थोटकाचे होते. याबद्दल मी तक्रार केली, तिची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. ज्यांचे प्रकरण प्रलंबित आहे त्यांनी मुद्देमाल नष्ट करू नये असा अर्ज ठाण्यात आणि न्यायालयात, दोन्हीकडे, आजच द्यावा. त्यासाठी वकीलही लागत नाही.

टॉवेलचा डीएनए अहवाल यायला तेरा महिने लागले. तुलनेसाठी दादाचे आणि माझे रक्त घेतले होते. जुलै २०२३ मध्ये अधिकाऱ्यांनी बोलावून सांगितले की टॉवेलवर आई-बाबांव्यतिरिक्त एका पुरुषाचे अंश आहेत आणि ते दादाशी जुळत नाहीत. त्यांनी लगेच पुस्तीही जोडली की यावरून कायद्याच्या दृष्टीने कोणी सुटत नाही आणि कोणी अडकतही नाही. ते बरोबरच आहे. तरीही नऊ वर्षांत पहिल्यांदा एका शासकीय कागदावर दादाच्या बाजूने काहीतरी लिहिले गेले होते. मी फोन केला तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी कळवले की सकाळी लवकर उठून तो शेतातल्या घरी गेला आणि नऊ वर्षांत न केलेले काम, ओसरी झाडून काढण्याचे, करून आला.

तो पुरुष कोण, हे त्या अहवालातून कळत नाही. जुळवून पाहायला समोर दुसरा नमुना लागतो. गुन्हेगारांच्या डीएनए नोंदींची राष्ट्रीय पेढी उभारण्यासाठीचे २०१९ चे विधेयक जुलै २०२३ मध्येच लोकसभेतून मागे घेण्यात आले. म्हणजे आमचा अहवाल हाती आला त्याच महिन्यात. ठशाचे तसे नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नाफिस या प्रणालीत देशभरातील ठसे एकत्र झाले आहेत आणि ती २०२२ पासून वापरात आली आहे. कपाटाच्या काचेवरचा ठसा त्यात शोधला गेला. अद्याप जुळलेला नाही. मात्र तो न जुळलेल्या ठशांत राहतो आणि पुढे कुठे कोणी पकडला गेला, त्याचे ठसे घेतले गेले, तर जुळण्याची शक्यता उरते, असे ठसेतज्ज्ञांनी समजावले. विमा कंपनीने, न्यायालयाचा आदेश आणि हा अहवाल पाहून, जानेवारी २०२४ मध्ये रक्कम दिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. 'किंवा पीडिताला' हे दोन शब्द मी तीनदा वाचले. आमचे प्रकरण जुन्या संहितेखालचे असल्याने ती तरतूद आम्हाला थेट लागू होते का, यावर वकीलबाई हात राखून बोलतात. नव्याने असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनी मात्र पहिल्या आठवड्यातच, फिर्यादी कोणीही असो, आपले नाव, नाते, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहून 'पीडित म्हणून आम्हाला कळवावे' असा अर्ज ठाण्यात द्यावा आणि पोच घ्यावी.

गेल्या जून महिन्यात, २०२५ मध्ये, सातवे तपास अधिकारी रुजू झाले. मी आणि दादा त्यांना भेटायला गेलो. घटनाक्रम आता चार पानांचा झाला आहे. त्यांनी तो वाचला, दोन प्रश्न विचारले, ज्यांपैकी एक आजवर कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर लिहून घेतले. नाफिसमधील पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करावी असा अर्ज आम्ही सोबत नेला होता. त्याच्या खाली या वेळी तीन पत्ते घातले: दादाचा, माझा आणि पुतणीचा. आजी-आजोबा गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता तेवीसची आहे, आणि तिसरा पत्ता घालण्याची सूचना तिचीच होती. आवक शिक्का मारून झाल्यावर तिनेच तो क्रमांक वहीत उतरवून घेतला.